अमेरिकन आजीची डायरी: रोज हवा, धुणं आणि पाव. हे वाचायचं तरी कशाला?

केतकी_ओहायो

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

इथे ओहायोत येऊन सहा वर्षं झाली, व्हिसाच्या भानगडीत नोकरी नाही, मग गेल्या हिवाळ्यापासून गावातल्या लायब्ररीत एक फुकटचं काम धरलंय. लोकांनी माळ्यावरून काढून आणून दिलेल्या जुन्या डायऱ्या, पत्रं वगैरे वाचून कॉम्प्युटरवर टाइप करून द्यायची. माझ्या वाट्याला आलीये १८७१ सालची, एका शेतकऱ्याच्या बायकोची डायरी. तळहातावर मावेल एवढीशी, एका पानावर तीन तारखा, तारखा आधीच छापलेल्या.

मला वाटलं होतं काय काय सापडेल! यादवी युद्ध संपून सहाच वर्षं झालेली, गुलामगिरी संपलेली, रेल्वे या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचलेली... आणि बाई लिहितेय काय, तर आज ऊन. आज वारा. सोमवारी धुणं, मंगळवारी इस्त्री, शनिवारी पाव भाजले. लोणी किती विकलं. कोण आलं, कोण गेलं. मध्येच कधीतरी समासात एक बारीक फुली, कसली ते देव जाणे (लायब्ररीतल्या बाई म्हणाल्या कोंबडी खुडूक बसवली असेल, त्याचे दिवस मोजत असेल). सात महिने टाइप करून झाले, नवऱ्याचं नावसुद्धा नाही, नुसतं "मिस्टर" आणि पुढे आडनाव.

तर प्रश्न दोन. एक, असल्या डायऱ्यांचा खरंच कुणाला उपयोग होतो का, की मी नुसती बोटं झिजवतेय? आणि दोन, मला अधूनमधून चोरट्यासारखं वाटतं. तिने काही मला वाचायला लिहिलं नव्हतं ना.

शंकासुर

पहिला!

सोमवारी धुणं, मंगळवारी इस्त्री. ही बाई माझ्यापेक्षा शिस्तीची आहे. माझ्याकडे धुणं खुर्चीवर असतं आणि इस्त्री लग्नकार्यात.

बोरूबहाद्दर

केतकीताई, बोटं अजिबात झिजत नाहीयेत, उलट तुमचा हेवा वाटतोय.

मार्था बॅलार्डचं नाव ऐकलंय का? मेन राज्यात, केनेबेक नदीच्या काठी हॅलोवेल म्हणून गाव, तिथली सुईण. १७८५ ते १८१२ अशी सत्तावीस वर्षं तिने डायरी लिहिली, जवळजवळ दहा हजार दिवस. तुमच्या बाईसारखीच. हवा, नदी गोठली की सुटली, कुणाच्या घरी बाळंतपण, किती पैसे मिळाले, घरी येऊन काय विणलं. शंभर-दीडशे वर्षं इतिहासकार ती चाळायचे आणि "यात काय ठेवलंय, घरगुती कटकटी" म्हणून बाजूला ठेवायचे. मग लॉरेल थॅचर अल्रिक नावाच्या बाईंनी त्याच कटकटी ओळ न् ओळ मोजल्या. ८१६ बाळंतपणं निघाली! कुठल्या महिन्यात कोण आजारी, कुणाच्या पोरी कुणाकडे कापड विणायला जात होत्या, पुरुषांच्या हिशोबाच्या वहीत न दिसणारी बायकांची सगळी देवाणघेवाण निघाली. त्यावरच्या पुस्तकाला १९९१ चं पुलित्झर, म्हणजे तिकडचा मानाचा पुरस्कार, मिळालं.

एक गंमत सांगतो. तेव्हा रीत अशी की लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीला ऐन कळांमध्ये सुइणीने बापाचं नाव विचारायचं, त्या वेळी कुणी खोटं बोलत नाही असं कायदाच मानायचा. १७९१ साली मार्था अशीच एका मुलीच्या उशाशी बसून नाव विचारते, आणि मुलगी नाव घेते मार्थाच्याच पोराचं. आणि मार्थाने ते डायरीत सरळ एका ओळीत लिहिलंय. माझा मुलगा जोनाथन. बस. ना रडारड ना शिव्या. चारेक महिन्यांत लग्न लागलं.

तुम्ही ज्याला कंटाळवाणं म्हणताय ना, ते असं असतं.

सदाशिवपेठी

बोरूशेठ, केतकीची डायरी एकोणिसाव्या शतकातली, तुमचं १७९१ हे एकोणिसावं शतक नव्हे, एवढी नोंद करून पुढे जातो.

मूळ मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. प्रत्येक जुनी वही म्हणजे खजिना असं म्हणायची फॅशन झालीये. अहो, मार्थाबाईंना अल्रिक भेटल्या म्हणून. बाकी हजारो डायऱ्यांत नुसतंच "आज पाऊस" आहे. वाचायचीच तर मेरी चेस्नट वाचा. दक्षिण कॅरोलायनातल्या बड्या घरची बाई, नवरा सिनेटर होता, मग दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस याच्या जवळच्या वर्तुळात. यादवी युद्धात दक्षिणेचं सगळं कसं कोसळत गेलं ते आतल्या खोलीत बसून बघितलंय आणि लिहिलंयसुद्धा कसलं धारदार. किंवा जॉर्ज टेम्पलटन स्ट्राँग, न्यूयॉर्कचा वकील, १८३५ ते १८७५ रोज लिहीत होता, चाळीस लाख शब्दांच्या वर. त्याला संगीत कळतं, राजकारण कळतं, माणसं कळतात. याला डायरी म्हणतात. लोण्याच्या हिशोबाला हिशोब म्हणतात.

पाटलीणबाई

सदाशिवपेठी, लोण्याचा हिशोब तुम्हाला छोटा वाटतो कारण तो तुम्ही कधी ठेवला नसणार. लोणी आणि अंडी विकून आलेला पैसा हा बाईचा स्वतःचा पैसा. तिकडेही तेच, आमच्या सासूबाईंचंही तेच. पोराच्या वह्या-पुस्तकांना तोच कामी येतो.

सदाशिवपेठी

मान्य. माझी आईही दुधाचा हिशोब ठेवायची. पण तो मी छापा असं म्हणत नाही :)

बोरूबहाद्दर

पेठीकाका, तुमच्या चेस्नटबाईंचं एक गुपित फोडू का? आपण वाचतो ती "डायरी" तिने युद्धाच्या काळात लिहिलेलीच नाही. मूळ टिपणं १८६१ पासूनची आहेत खरी, पण ती बरीच त्रोटक. युद्ध संपल्यावर पंधरा-वीस वर्षांनी, १८८० नंतर, तिने बसून सगळं नव्याने लिहून काढलं. संवाद घातले, प्रसंग फुलवले, काही कापलं, आणि तारखा मात्र जुन्याच ठेवल्या. ती गेल्यावर मैत्रिणीकडे कागद राहिले, १९०५ ला पहिल्यांदा छापले तेव्हा वाचकाला याचा पत्ताच नव्हता. पुढे सी. व्हॅन वुडवर्डने सगळं तपासून १९८१ ला नीट आवृत्ती काढली, त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं.

म्हणजे बघा, तुमची धारदार बाई मागाहून धार लावत बसली होती. केतकीताईंची बाई जे लिहिते ते त्या संध्याकाळचं आहे, हात धुऊन पुसून लिहिलेलं.

आळशी_अजगर

वीस वर्षांनी डायरी लिहिणे ही कल्पना मला फार आवडलेली आहे. मी २००६ ची आता घ्यायला हरकत नाही.

रानजाई

"आज ऊन, आज वारा" वाल्यांच्या बाजूने दोन शब्द.

हेन्री डेव्हिड थोरो, मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्ड गावचा लेखक. १८३७ च्या ऑक्टोबरात त्याच गावातल्या इमर्सन या लेखकाने त्याला विचारलं की तू रोजनिशी ठेवतोस का, आणि त्या दिवशी जी सुरू केली ती १८६१ पर्यंत, जवळपास वीस लाख शब्द. त्यात १८५० नंतर हा माणूस वेड्यासारखा कुठलं रानफूल कुठल्या तारखेला उमललं ते लिहीत सुटला. गावाला वाटायचं उनाड आहे. आता बोस्टन विद्यापीठातले रिचर्ड प्रायमॅक आणि त्यांचे विद्यार्थी त्याच तारखा घेऊन त्याच गावात फिरले आणि तीच झाडं आता कधी फुलतात ते ताडून बघितलं. वसंत कितीतरी दिवस अलीकडे सरकलाय, आणि त्याने लिहिलेली बरीच रानफुलं त्या गावातून नाहीशीच झालीयेत.

केतकी, त्या बाईने पहिलं हिमाचं दहीवर कधी पडलं, सफरचंदाला मोहोर कधी आला असलं काही लिहिलं असेल तर प्लीज गाळू नकोस.

केतकी_ओहायो

@रानजाई, आहे की! मोहोर, दहीवर, बागेत मटार कधी लावले, सगळं आहे. मी तर कंटाळून फक्त "हवामान" असा टॅग टाकून पुढे जायचे. आता परत मागे जाऊन बघते.

चहाटळ

अवांतर: थोरोवरून आठवलं, तो ज्याच्या काठी राहिला त्या वॉल्डन तळ्याचा बर्फ कापून बोटीत भरून आपल्याकडे यायचा. फ्रेडरिक ट्यूडर नावाचा बोस्टनचा व्यापारी, त्याचीही डायरी आहे, १८०५ ला सुरू केलेली, तिचं नावच 'बर्फघराची डायरी'. लोकांनी वेड्यात काढलं, कर्ज थकलं म्हणून तुरुंगात जाऊन आला, पण १८३३ ला बोस्टनहून १८० टन बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला पाठवलाच. चार महिन्यांनी पोचला तेव्हा शंभरेक टन शिल्लक होता, भुसा घालून. मग मद्रास, मुंबई. थोरोने लिहूनही ठेवलंय की मुंबईचे लोक माझ्याच विहिरीचं पाणी पितात.

आणि आमच्या सोसायटीत टँकर चौकातून गेटपर्यंत येईस्तोवर अर्धा होतो.

मोडीवाचक

चांगला धागा चाललाय. मी मोडी कागदपत्रं वाचतो (हौस, पोटाचा धंदा वेगळा), त्यामुळे मला कागद आणि शाईचं बोलू द्या.

अमेरिकन डायऱ्या टिकल्या यात कागदाचा मोठा वाटा आहे. १८६० च्या आधीचा कागद बहुतेक चिंध्यांचा, म्हणजे जुन्या सुती-लिननच्या कापडाचा. तो दोनशे वर्षांनीही मऊ असतो. पुढे लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला, त्यात आम्ल, तो पिवळा पडतो आणि पापडासारखा मोडतो. म्हणजे आजीचं पत्र शाबूत आणि नातवाचं पत्र चुरा असा उलटा प्रकार. केतकी, तुझी १८७१ ची डायरी नेमकी या बदलाच्या उंबरठ्यावरची आहे, पानं फार उघडझाप करू नकोस.

शाई त्यांची आयर्न गॉल. गॉल म्हणजे आपलं मायफळ हो, बाळगुटीत उगाळतात ते. मायफळ आणि हिराकस एकत्र केलं की ही शाई. लिहिताना फिकी, हवा लागली की काळी, आणि शंभर वर्षांनी तपकिरी. शाई कडक झाली असेल तर कागद खाऊन टाकते, अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचं भोक. आपली मोडीची शाई काजळाची, ती कागद खात नाही. आपला कागद खायला वाळवी असते.

पाटलीणबाई

वाळवी आणि आपण. आमच्याकडे कुणी गेल्याचं कार्ड आलं की वाचून लगेच फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. तिकडचे लोक उलटे, काळ्या काठाच्या लिफाफ्यातली पत्रं रिबिनीत बांधून ठेवायची, वर गेलेल्या माणसाच्या केसांची बटसुद्धा त्यातच. मी एका म्युझियममध्ये बघितली, जेवण गेलं नाही त्या दिवशी.

बाकी पत्रांची सुरुवात मात्र सगळीकडची सारखीच हो! आमचे आजोबा, "सा. न. वि. वि., इकडील सर्व कुशल, तुमचे कुशल कळवणे". आणि त्यांच्या यादवी युद्धातल्या शिपायांची पत्रं वाचा, सगळ्यांची पहिली ओळ तीच. लेखणी हातात घेऊन कळवतो की मी ठीक आहे आणि या चार ओळी पोचतील तेव्हा तुम्हीही ठीक असाल अशी आशा करतो. मग पुढे लिहिणार की पाय कापला.

मोडीवाचक

@पाटलीणबाई, अगदी. आणि आपले आजोबा पोस्टकार्डाच्या कडेकडेने, पत्त्याच्या बाजूलाही लिहायचे ना, तिकडे त्याहून वरताण. पान भरलं की कागद आडवा फिरवायचा आणि त्याच ओळींवरून काटकोनात दुसऱ्या ओळी लिहायच्या. जाळीसारखं दिसतं. वाचता येतं बरं का, डोळ्याला सवय लागली की एक दिशा आपोआप मागे जाते.

कारण टपालखर्च. १८४५ पर्यंत अमेरिकेत टपाल कागदांच्या संख्येवर आणि अंतरावर होतं, आणि पैसे बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्याने द्यायचे, म्हणजे आपलं नॉटपेड. १८४५ ला कायदा बदलला, वजनावर आलं, तीनशे मैलांपर्यंत पाच सेंट. १८४७ ला पहिली तिकिटं. १८५१ ला तीन सेंट. पत्रांचा पूर आला तो तिथून. युद्धात शिपायाकडे तिकीट नसेल तर पाकिटावर 'शिपायाचं पत्र' असं लिहून टाकलं की घरचे पैसे भरून सोडवून घ्यायचे.

सदाशिवपेठी

युद्धाच्या पत्रांचा विषय निघाला आणि सलिव्हन बॅलूचं नाव अजून नाही? ऱ्होड आयलंडचा वकील, बत्तीस वर्षांचा, दोन लहान मुलं. १८६१ च्या १४ जुलैला बायकोला, सारा तिचं नाव, पत्र लिहिलं. आठवड्याने बुल रनच्या लढाईत तोफगोळ्याने पाय गेला आणि महिनाअखेर माणूस गेला. पत्र टाकलंच नव्हतं, ते त्याच्या ट्रंकेत सापडलं. त्यात तो म्हणतो की गालावर वाऱ्याची झुळूक आली तर तो माझा श्वास समज. साराने पुन्हा लग्न केलं नाही, १९१७ ला गेली. १९९० मध्ये यादवी युद्धावरच्या टीव्ही मालिकेत ते वाचलं गेलं आणि अख्खा देश रडला. मीही रडलो, सांगायला लाज नाही. लोण्याच्या डायरीने हे होत नाही, बोरूशेठ.

बोरूबहाद्दर

काका, पत्र सुंदरच आहे. पण मूळ पत्र आज कुठेच नाही. आहेत त्या नकला, त्याही एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत. साराने मूळ पत्र स्वतःसोबत पुरायला सांगितलं असंही सांगतात.

(पळतो आता.)

सदाशिवपेठी

तुम्ही लग्नात जेवायला गेलात तरी वरणातले खडे मोजत असाल.

गणा_मास्तर

इथवर सगळं वाचलं. आता थोडं कडू बोलतो, चालवून घ्या.

चेस्नटबाईंच्या घरात शेकड्याने गुलाम होते. त्यांच्या डायऱ्या कुठायत? नाहीत, कारण गुलामाला लिहावाचायला शिकवणं दक्षिणेतल्या कित्येक राज्यांत गुन्हा होता. म्हणजे "टिकलेली पत्रं" म्हणताना ज्यांना लिहूच दिलं नाही त्यांची वजाबाकी मनात धरा. आपल्याला हे वेगळं सांगायला नको, अक्षरापासून लांब ठेवणं म्हणजे काय ते आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे.

तरी काही आहेत, आणि जी आहेत ती चेस्नटबाईंना पाणी पाजतील. जॉर्डन अँडरसन. टेनेसीतला गुलाम, सुटून ओहायोत डेटनला आला (केतकी, तुझ्याच राज्यात). युद्ध संपल्यावर जुन्या मालकाने निरोप धाडला, परत ये, नीट वागवीन. १८६५ च्या ऑगस्टमध्ये जॉर्डनने उत्तर सांगितलं, दुसऱ्याने लिहून घेतलं, पेपरात छापून आलं. इतकं गोड पत्र की विष कुठे आहे ते दुसऱ्या वाचनात कळतं. म्हणतो, साहेब, तुम्ही मला विसरला नाहीत हे वाचून बरं वाटलं. यायचा विचार आहे, पण तुमच्या सचोटीची एकदा खात्री करावी म्हणतो. मी ३२ वर्षं राबलो, माझी मँडी २० वर्षं. माझे महिन्याला २५ डॉलर, तिचे आठवड्याला २. होतात ११,६८० डॉलर. व्याज धरा, आमचे कपडे, डॉक्टरच्या तीन फेऱ्या आणि मँडीचा एक दात काढल्याचे वजा करा, आणि बाकी पाठवा. पोरींचं काय होणार तुमच्या पोरांकडून तेही विचारतो, ते मात्र हसत नाही. आणि शेवटी, तुम्ही माझ्यावर गोळ्या झाडत होतात तेव्हा ज्याने तुमच्या हातातलं पिस्तूल काढून घेतलं त्याला माझा नमस्कार सांगा.

दुसरा स्पॉट्सवुड राइस, मिसूरीचा, गुलामीतून सुटून युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, फौजेत शिपाई. १८६४ ला हॉस्पिटलातून त्याने दोन पत्रं लिहिली. एक आपल्या पोरींना, धीर धरा, बाप येतोय. दुसरं त्यातली एक पोर जिच्या ताब्यात होती त्या मालकिणीला, की जितके दिवस माझं लेकरू अडवशील तितकी जास्त नरकात जळशील. स्पेलिंग सगळं चुकलेलं, अर्थ एकही चुकलेला नाही. दोन्ही नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत.

आणि फिलाडेल्फियाची एमिली डेव्हिस, स्वतंत्र काळी मुलगी, शिवणकाम करायची. १८६३ ते १८६५ च्या तिच्या छोट्या डायऱ्या सापडल्यात, केतकीच्या बाईसारख्याच रोज दोनतीन ओळी. पहिलीच नोंद १ जानेवारी १८६३ ची, लिंकनच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा दिवस. ती लिहिते की आजचा दिवस कायम लक्षात राहील, तो बघायला देवाने मला जगवलं. आणि पुढच्या पानांवर परत शाळा, चर्च, मैत्रिणी. पेठीकाका, हिला हिशोब म्हणाल का?

शंकासुर

मास्तर, दंडवत.

मी कॅल्क्युलेटर काढून बघितलं. २५ गुणिले १२ गुणिले ३२ म्हणजे ९६००. २ गुणिले ५२ गुणिले २० म्हणजे २०८०. बरोबर ११,६८०. आकडा पैशाला पैसा जुळतो!

सदाशिवपेठी

नाही म्हणणार, मास्तर. हे पत्र मला माहीत नव्हतं.

निवृत्त_बाबू

आयुष्य सरकारी रेकॉर्डरूममध्ये गेलं म्हणून एक मुद्दा. यातली पुष्कळ पत्रं प्रेमाने टिकलेली नाहीत, अर्जाने टिकलीयेत. युद्धात मेलेल्या शिपायाच्या बायकोला पेन्शन हवी तर लग्नाचा पुरावा द्या. लग्नाची नोंद कुठेच नाही. मग बिचारी नवऱ्याने पाठवलेली पत्रं जोडायची, ज्यात "माझी प्रिय पत्नी" लिहिलंय. ती पत्रं फाइलीला टाचली गेली ती आजतागायत तिथेच. पेन्शन मिळाली, पत्र परत मिळालं नाही. ऑफिसात लावलेला कागद परत मिळत नसतो, देश कुठलाही असो.

युद्धात जखमींची सेवा करणाऱ्या क्लारा बार्टनचंही तसंच. युद्धानंतर वॉशिंग्टनमध्ये तिने बेपत्ता शिपायांचा शोध घ्यायचं ऑफिस काढलं, ६३ हजारांवर पत्रांना उत्तरं दिली, २२ हजारांवर माणसांचं काय झालं ते शोधून कळवलं. ते ऑफिस पुढे लोक विसरूनच गेले. १९९६ ला ती इमारत पाडायच्या आधी तपासायला एक सरकारी माणूस गेला, त्याला माळ्यावर तिची पाटी आणि कागद सापडले. सरकारी माणूस, हे अधोरेखित करतो.

चहाटळ

मला सगळ्यात आवडतं ते व्हर्जिनिया रीडचं पत्र. तेरा वर्षांची पोर, डोनर पार्टीतली. १८४६ ला कॅलिफोर्नियाला निघालेला तांडा, कुणीतरी सांगितलेल्या जवळच्या वाटेने गेला आणि सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकला, माणसांनी माणसं खायची वेळ आली. त्यांच्यातल्या पॅट्रिक ब्रीनची त्या दिवसांची डायरी आहे, तीही तशीच, आज बर्फ, आज वारा, आज अमका मेला. सुटका झाल्यावर मे १८४७ मध्ये ही पोर आपल्या मावसबहिणीला की कुणा बहिणीला सगळं कळवते आणि शेवटी सल्ला देते: कधी शॉर्टकट घेऊ नका आणि होईल तितकं भरभर चला.

हे वाक्य पुण्यातल्या प्रत्येक रिक्षेच्या मागे हवं.

रोझेलवाला

न्यू जर्सीत राहतो, रोझेलजवळ, त्यामुळे हा मुद्दा माझा हक्काचा. आपली आनंदीबाई जोशी याच गावात आली होती आणि तीसुद्धा एका पत्रामुळे. गोपाळरावांनी मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र तिकडच्या मासिकात छापून आलं होतं, रोझेलच्या थिओडोशिया कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या, हाताला तो जुना अंक लागला. घरी येऊन त्यांनी पत्र टाकलं. मग दोघींचा पत्रव्यवहार, न बघता मावशी-भाची झाल्या, आणि १८८३ च्या जूनमध्ये अठरा वर्षांची मुलगी न्यूयॉर्कला उतरली. फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजला तिने केलेला अर्ज आजही तिथल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. १८८६ ला डॉक्टर झाली, १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात गेली, बावीससुद्धा पूर्ण नव्हती. रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली, ती पकीप्सीच्या स्मशानात त्यांच्या घरच्या जागेत आहे. मी जाऊन आलोय.

तिचं पहिलं चरित्र १८८८ ला लिहिलं ते कॅरोलाइन हीली डॉल या बोस्टनच्या बाईंनी. या बाई स्वतः पट्टीच्या डायरीवाल्या, सत्तर वर्षांहून जास्त लिहीत होत्या, मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत त्या. नवरा १८५५ पासून कलकत्त्यात मिशनरी, बाई मुलं घेऊन इकडे.

बोरूबहाद्दर

रोझेलवाले, जबरदस्त. आणि एक जुळणी बघा. मार्था बॅलार्डची डायरी घरातल्या बायकांनी जपत जपत कुणाकडे दिली, तर तिच्या खापरपणतीकडे, मेरी होबार्टकडे, १८८४ ला. ती तेव्हा नुकतीच डॉक्टर झालेली! म्हणजे इकडे आनंदीबाई फिलाडेल्फियात शिकतेय आणि तिकडे सुईणआजीची वही डॉक्टर पणतीच्या हातात. तिने ती १९३० ला मेनच्या स्टेट लायब्ररीला दिली.

आळशी_अजगर

केतकीतैंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी बघितलंच नाही. दुसऱ्याची डायरी वाचावी का.

कवयित्री एमिली डिकिन्सनने बहिणीला सांगून ठेवलं होतं की मी गेल्यावर पत्रं जाळ. १८८६ ला ती गेल्यावर बहिणीने तिला आलेली पत्रं खरंच जाळली. मग पेटीत कवितांच्या शिवलेल्या चोपड्या सापडल्या, त्या मात्र जाळल्या नाहीत. काय जाळायचं ते बहिणीने ठरवलं.

आमचे वडील गेले तेव्हा कपाटात आईला लिहिलेली पत्रं निघाली, लग्नाआधीची, नायलॉनच्या पिशवीत. मी वर्षभर ती पिशवी उघडली नाही. मग आईनेच एक दिवस विचारलं, वाचलीस का रे? नाही म्हटल्यावर जराशी हिरमुसलीच. एरवी मी आळशी म्हणून शिव्या खातो, ही पहिलीच वेळ जिथे मी सभ्य म्हणून खाल्ल्या.

वाड्यातली_माई

मी फक्त वाचते, लिहीत नाही, नात टाइप करून देतेय. मुली, तू त्या फुल्यांचं म्हणालीस ते कुणी धरलं नाही. खुडूक कोंबडी एकवीस दिवस बसते. तुझ्या दोन फुल्यांमध्ये दिवस किती पडतात ते मोज बघू. आमच्या घरी कॅलेंडर नव्हतं तेव्हा पंचांगावर पेन्सिलने टिंब असायचं, नंतर कालनिर्णयवर दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी. घरातल्या पुरुषांना वाटायचं तेही दुधाचंच.

केतकी_ओहायो

माई...

आत्ता मोजून आले. २८, २७, २९, २८. जानेवारीपासून जुलैपर्यंत आठ फुल्या. मी सात महिने टाइप केले आणि एक बाई असून मला कळलं नाही!

आणि ऑगस्टपासून एकही फुली नाही. पुढची पानं अजून टाइप व्हायचीयेत म्हणून भराभर चाळली. सप्टेंबरात चार ठिकाणी "बरं नाही" आहे, बाकी काही म्हणजे काही नाही. तेच धुणं, तेच पाव. ३१ डिसेंबरला पानं संपतात. १८७२ ची डायरी पेटीत नाहीये, मी लायब्ररीतल्या बाईंना आताच मेल टाकली, देणाऱ्यांकडे एवढी एकच होती म्हणतात.

गणा_मास्तर

पश्चिमेला ओरेगनमध्ये वसायला गाड्या हाकत गेलेल्या बायकांच्या डायऱ्यांतही असंच. वाटेवरच्या थडग्यांचा आकडा रोज लिहितील, पण स्वतःला दिवस गेलेत हे नाही. एकदम एक दिवस मूल जन्मल्याची ओळ.

वाड्यातली_माई

नोव्हेंबर-डिसेंबरात शिवण काय काढलंय ते बघ.

केतकी_ओहायो

डिसेंबरात तीन दिवस फ्लॅनेल शिवलंय. मी थंडीसाठी समजून पुढे गेले होते.

@पेठीकाका, मी ही डायरी पूर्ण टाइप करणार आहे, लोण्यासकट. एकच अडलंय. नियम असा की लिहिलेलं तेवढंच टाइप करायचं, खुणांचं काही सांगितलेलं नाही. फुल्या टाकू की सोडू? तिने लपवूनच केल्या होत्या ना त्या.

सदाशिवपेठी

टाका. अर्थ लिहू नका, नुसती फुली टाका. ज्याला कळायचं त्याला कळेल.

पाटलीणबाई

+१. पेठीकाकांशी मी सहमत, तारीख लिहून ठेवा कुणीतरी.

शंकासुर

ते सगळं ठीक आहे, पण कोंबडी होती की नव्हती?

केतकी_ओहायो

होती! एप्रिलमध्ये अकरा पिल्लं निघाली. ते मात्र तिने चांगलं ठसठशीत अक्षरात लिहिलंय.